होम थिएटरचे स्पीकर कुठे ठेवायचे: आधी खुर्ची, मग टेप, मग बाकी सगळं

कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली ट्रॉलीवरची स्पीकरची भिंतच डोळ्यांपुढे येते. वरच्या खोलीत होम थिएटर लावायला घेतलं तेव्हा मी बोलता बोलता 'डॉल्बी ॲटमॉस' (डोक्यावरूनही आवाज येणारी सिनेमाची पद्धत) म्हणून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या आबांनी कंपाउंडवरूनच हाक मारली, "काय रं, घरात डॉल्बी बसवालायस म्हणं?" त्यांना सांगितलं, की रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. आबा म्हणाले, "मग आमच्या चौकात कुणी पाठवला त्याला?"

असो. स्पीकर आणून वर्ष झालं तरी माझ्या खोलीत सिनेमा धड ऐकू येत नव्हता. संवाद पुटपुटल्यासारखे, म्हणून आवाज वाढवायचा. तेवढ्यात पडद्यावर गाडी उडाली की खालून आई ओरडायची, म्हणून कमी करायचा. अडीच तास रिमोट हातात. मी महागडा सेंटर स्पीकर घ्यायच्या बेतात होतो. मग एका रविवारी टेप, दोरी आणि खडू घेऊन सगळं जागचं हलवलं. स्पीकर तेच, खोली तीच, पण त्या रात्री बायको पहिल्यांदा म्हणाली, सबटायटल बंद कर. त्या रविवारी जे कळलं आणि पुढं दोन-तीन नातेवाइकांच्या घरी जे करून पाहिलं, ते इथं क्रमानं लिहितोय.

मी ५.१ मांडणी धरून चाललोय. पुढं डावा, उजवा आणि मधे सेंटर; बाजूला किंचित मागं दोन सराउंड; हे झाले पाच. पॉइंटनंतरचा एक म्हणजे सबवूफर, नुसता खालचा बास वाजवणारी पेटी. पहिल्यांदा करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. सात आणि नऊ स्पीकरच्या गप्पा दुकानात ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात.

हाताशी काय लागेल

- मोजायची टेप, गवंड्याची दोरी, ओळंबा, खडू आणि मास्किंग टेप
- गणिताची चौकटीची वही
- एक हातभर आरसा आणि तो धरायला घरातलं कुणीतरी
- दीड व्होल्टचा पेन्सिल सेल
- आवाज मोजणारं मोबाइलवरचं कुठलंही फुकटचं ॲप
- कॅमेऱ्याचा ट्रायपॉड (उसना चालेल)
- रिसीव्हरचं (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या ॲम्प्लिफायरचं) मॅन्युअल, बिल, वॉरंटी कार्ड. सगळ्या वस्तूंचे सीरियल नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. खोकी आणि आतलं थर्माकोल निदान वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. सर्व्हिसला पाठवताना तेच लागतं.

अजून खरेदी झाली नसेल तर एक सावधगिरी. खोक्यावर 'पीएमपीओ' वॅट लिहिलेले असतील, तर तो आकडा वाचूच नका. पाच हजार, दहा हजार वॅट लिहिलेलं यंत्र खरं तर पन्नास वॅटचंही नसतं. 'आरएमएस' वॅट किती, तेवढं विचारा. दुकानदार विषय बदलायला लागला तर दुकान बदला.

१. खोली मोजून वहीत काढा

एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरा आणि खोली वरून दिसेल तशी काढा. दारं, खिडक्या, कपाट, प्लगचे बोर्ड सगळं दाखवा. माझी खोली १६ बाय ११, छत १० फुटांवर.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि ३४३ ला त्यानं भागा. माझ्या १६ फुटांचे ३५ हर्ट्झ आले, ११ फुटांचे ५१ आणि उंचीचे ५६. या सुरांना खोली स्वतःच घुमते. भिंतीजवळ ते सूर अंगावर येतात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब होतात. भांड्यात पाणी हिंदकळतं तसंच. कडेला चढतं-उतरतं, मधोमध पातळी हलत नाही.

म्हणून चौरस खोली सगळ्यात त्रासाची. १२ बाय १२ मध्ये लांबी-रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच सुरावर येऊन बसतो. घरात दोन खोल्यांपैकी एक निवडता येत असेल, तर लांबट निवडा. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत जुन्या घराची लाकडी माडी असेल तर आणखी एक गोष्ट: ती जमीन स्वतःच ढोलासारखी वाजते. त्याचा उपाय सबवूफरच्या टप्प्यात आहे.

२. खुर्ची ठरवा

आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला असतो. हॉल मोठा दिसतो, पाहुणे आले की बरं पडतं. आवाजाच्या दृष्टीनं ती खोलीतली वाईट जागा आहे: मागची भिंत कानाला चिकटलेली, बास फुगलेला, आणि मागून यायचा आवाज मागून येणार कुठून?

खोलीच्या बरोबर मध्यावरही बसू नका. वर सांगितलेला बास तिथं गायब असतो. जुना आडाखा असा, की खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं, पुढच्या किंवा मागच्या भिंतीपासून. १६ फुटांचे ३८ टक्के म्हणजे सहा फूट. मी मागच्या भिंतीपासून सहा फूट सोडले, म्हणजे पुढच्या भिंतीपासून दहा. इंचाइंचाचा हट्ट नको. ही सुरुवात आहे, नंतर अर्धा-पाऊण फूट पुढं-मागं करून बघायचंच आहे.

खोली लहान असेल आणि सोफा भिंतीला लावण्यावाचून गत्यंतर नसेल, तर निदान फूट-दीड फूट पुढं ओढा आणि डोक्यामागच्या भिंतीवर जाड काहीतरी लावा.

आता खुर्चीत बसा. नेहमी बसता तसं, परीक्षेला बसल्यासारखं ताठ नको. दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कानाची उंची मोजायला सांगा. माझी ३९ इंच आली. मग डोक्याच्या जागेवरून ओळंबा सोडून खाली फरशीवर फुली मारा. खडूची फुली मुलं पुसतात, म्हणून वर मास्किंग टेप. यापुढचं प्रत्येक माप या फुलीपासून घ्यायचं. भिंतीपासून नाही, टीव्हीपासून नाही. बहुतेकांचं इथंच चुकतं. सुतार टीव्ही युनिटपासून मोजतो, इलेक्ट्रिशियन छताच्या कोपऱ्यापासून, आणि ऐकणारा माणूस उरलेल्या जागेत बसतो.

३. पुढचे तीन

डावा आणि उजवा स्पीकर फुलीपासून सारख्याच अंतरावर हवेत. समोरच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांच्या कोनात. कोनमापक शोधत बसू नका, दोरी पुरते. फुलीपासून स्पीकर नऊ फुटांवर असतील, तर त्या दोघांतलं अंतर सात ते नऊ फूट ठेवा. नऊ ठेवलं की समभुज त्रिकोण होतो, म्हणजे ३० अंश. माझ्या खोलीत स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढं आहेत, दोघांत आठ फूट, आणि बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी दीड फूट. साधारण २५ अंश.

उंची पाहताना पूर्ण पेटी धरू नका. त्यातला छोटा गोल, ट्वीटर, कानाच्या उंचीला यायला हवा. तयार स्टँड महाग वाटले म्हणून मी उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. दोन इंची चौकोनी पाइप, वर-खाली प्लेट. उंचीचा हिशेब असा: कान ३९ इंचांवर, स्पीकरच्या तळापासून ट्वीटर १० इंचांवर, म्हणून स्टँड २९ इंच. पाइप पोकळ ठेवू नका, टिचकी मारली तर घंटा वाजते. आत सुकी वाळू भरा. गावात एवढ्या फाउंड्री आहेत, कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं घमेलंभर सिलिका सँड मिळते. ती नदीच्या वाळूपेक्षा कोरडी असते, आतून गंज चढत नाही.

स्पीकरच्या मागच्या बाजूला भोक असेल तर भिंतीपासून निदान फूटभर तरी पुढं घ्या. तेवढी जागाच नसेल, तर त्या भोकात बसणारा फोमचा बोळा बऱ्याचदा खोक्यातच येतो, तो लावा. मग दोन्ही स्पीकर किंचित आत, तुमच्याकडे वळवा. किती? खुर्चीत बसल्यावर पेटीची आतली बाजू जेमतेम दिसेल इतके.

आता सेंटर. माझा सगळा घोटाळा इथं होता. सिनेमातले बहुतेक संवाद या एका पेटीतून येतात आणि नेमकी हीच पेटी आपण टीव्ही युनिटच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्स आणि गणपतीच्या मूर्तीच्या मधे कोंबतो. कप्प्याच्या आत ठेवलेला सेंटर म्हणजे माठात तोंड घालून बोलणारा माणूस. तीन गोष्टी करा:

पहिली, पेटी फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा, एखादा सेंटिमीटर बाहेर आली तरी चालेल. दुसरी, ती टीव्हीखाली असणार, म्हणजे कानाच्या खाली. तेव्हा पुढून उचलून तोंड कानाकडे करा. दाराखाली सरकवतात ती रबरी पाचर पुरते. खुर्चीत बसून बघा, ट्वीटर तुमच्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे. तिसरी, आजूबाजूच्या वस्तू काढा. मूर्ती मी देवघरात नेली. त्याबद्दल आईची नाराजी नव्हती, उलट.

टीव्ही फार उंच टांगला असेल तर सेंटरचं काहीही केलं तरी संवाद पडद्याखालून येतात. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास हवा. हॉटेलात टांगतात तेवढा वर नको.

४. सराउंड

माझ्याकडे फॉल्स सीलिंग करताना इलेक्ट्रिशियननं न विचारता चारही वरच्या कोपऱ्यांत वायर काढून ठेवल्या होत्या. त्याच्या मनात सीसीटीव्ही असावा. मीही खुशाल स्पीकर तिथं टांगले. पावसाचा प्रसंग आला की छताला गळती लागल्यासारखं वाटायचं.

५.१ मध्ये सराउंडची जागा कोपऱ्यात नाही. कानाच्या सरळ बाजूला ९० अंश धरले, तर त्याहून थोडं मागं, ११० ते १२० अंशांवर. दोरीच्या भाषेत: फुलीपासून बाजूची भिंत पाच फुटांवर असेल, तर स्पीकर फुलीच्या रेषेपासून पावणेदोन ते पावणेतीन फूट मागं. उंची कानापेक्षा फूट-दोन फूट वर. म्हणजे शेजारी बसलेल्याच्या डोक्यानं आवाज अडत नाही.

एका बाजूला दार किंवा खिडकी आली तर? त्या बाजूला स्टँड ठेवा. तेही जमत नसेल तर दोन्ही स्पीकर सारखेच थोडे मागं घ्या. एक बाजूला आणि एक पाठीमागं, असं मात्र नको. अंतरातला फरक रिसीव्हर भरून काढतो, दिशेतला फरक कुणीच भरून काढत नाही.

५. सबवूफर: इथं रांगावं लागतं

दुकानदार सांगतो, "कुठंही ठेवा साहेब, बासला दिशा नसते." अर्धं खरं. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही, हे बरोबर. पण तो किती आणि कसा ऐकू येईल, हे पूर्णपणे जागेवर आहे. तीच पेटी एका कोपऱ्यात नुसती घुमते आणि चार फूट सरकवली की ढोलाची थाप सुटी ऐकू येते. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, कारण दोन भिंती आणि जमीन तिघी मिळून त्याला धक्का देतात. मोठा म्हणजे चांगला असं मात्र नाही.

जागा शोधायची रीत जुनी आहे आणि हास्यास्पद दिसते. सबवूफर उचलून तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा. बासची एकसारखी चाल असलेलं गाणं लावा, तेच ते पुन्हा वाजू द्या. हलगी-घुमक्यातलं घुमकं ऐकायचंय, हलगी नव्हे, हे डोक्यात ठेवा. मग जिथं जिथं सबवूफर ठेवणं शक्य आहे, तिथं तिथं भिंतीच्या कडेनं रांगत जा, कान जमिनीपासून फूटभरावर. काही ठिकाणी नुसतं हूंऽऽ ऐकू येईल, काही ठिकाणी बास जवळजवळ नाहीच. एखाद्या ठिकाणी प्रत्येक ठोका वेगळा आणि सारखा ऐकू येईल. तिथं टेपची फुली मारा. सबवूफर तिथं ठेवला आणि तुम्ही खुर्चीत बसलात, की तेच ऐकू येतं. आवाजाला येण्याची आणि जाण्याची वाट सारखीच असते.

मी रांगत असताना मुलगा व्हिडिओ काढत होता. तो आता सगळ्या भावकीच्या ग्रुपवर आहे. माझी जागा निघाली पुढच्या भिंतीला, डाव्या स्पीकर आणि सेंटरच्या मधे. कोपऱ्यापासून साडेतीन फूट.

मागची बटणं अशी लावा:

- क्रॉसओव्हरची (किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरनं वाजवायचा, त्या हद्दीची) कळ शेवटपर्यंत वर, किंवा 'एलएफई' लिहिलं असेल तर त्यावर. गाळायचं काम रिसीव्हर करणार आहे, दोघांनी गाळलं तर मधला आवाज हरवतो.
- व्हॉल्यूम निम्म्यावर.
- फेज आधी शून्यावर. नंतर गाणं चालू असताना १८० वर करून बघा. ज्यात बास भरलेला वाटेल ते ठेवा.

लाकडी माडी असेल किंवा खाली कुणी राहत असेल, तर पेटीखाली जाड रबरी मॅट घाला. जिमची असते तशी.

६. वायर

जागा पक्क्या झाल्या की वायर. उलट केलं तर माझ्यासारखं छताचं पीओपी फोडावं लागतं.

तीस-चाळीस फुटांपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, त्याहून लांब असेल तर २.५. सोनेरी अक्षरांच्या पारदर्शक वायरच पाहिजेत असं काही नाही. चांगल्या कंपनीची घरगुती वायरिंगची मल्टिस्ट्रँड वायर स्पीकरला उत्तम चालते. फसवणूक दुसरीकडे होते: वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम. तार ब्लेडनं खरवडा, आतून पांढरट दिसली तर परत करा. ती हातात घेतल्यावरही हलकी लागते.

भिंतीत घालणार असाल तर स्वतंत्र एक इंची पाइप टाका आणि आत ओढायला एक तार सोडून ठेवा. लाइटच्या वायरच्या पाइपमध्ये स्पीकरची वायर घालायची नाही. गुरगुर येते हा भाग वेगळा, ते धोक्याचंही आहे. शेजारून न्यायचीच झाली तर फूटभर अंतर सोडा, ओलांडायची झाली तर काटकोनात. मधे कुठं जोड नको. आणि दोन्ही बाजूंच्या वायर इंचाइंचानं सारख्या लांबीच्या पाहिजेत, हा गैरसमज आहे. जादा वायरची वेटोळी टीव्हीमागं कोंबू नका.

लाल-काळं सांभाळा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर काही जळत नाही, म्हणूनच ते महिनोन्‌महिने कळत नाही. फक्त बास पातळ होतो आणि मधला आवाज कुठून येतोय ते समजत नाही. भिंतीतून आलेल्या वायरची कुठली तार कुठली, हे विसरलात तर दीड व्होल्टचा सेल काढा. वायर रिसीव्हरपासून सोडवून तिच्या टोकांना सेल क्षणभर टेकवा. स्पीकरचा पडदा पुढं उसळला, तर सेलच्या प्लसला लागलेली तार ती लाल. टेकवून ठेवू नका, नुसता स्पर्श. तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या खिट्टीला लागत नाही ना, हे रिसीव्हर चालू करण्यापूर्वी टॉर्च मारून बघा.

७. टाळी वाजवा

खोलीच्या मधे उभं राहून एक कडक टाळी. मागोमाग 'टर्रर्र' असा शेपटीसारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. व्हिट्रिफाइड फरशी, गुळगुळीत पुट्टी, काचेची खिडकी, म्हणजे आपली आजची कुठलीही नवी खोली. नाटकवाल्यांना हे ठाऊक असतं. रिकाम्या नाट्यगृहात तालमीला घुमणारा आवाज प्रयोगाला प्रेक्षक बसले की ताळ्यावर येतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात.

खुर्चीत बसा. दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात तुम्हाला जिथं डावा किंवा उजवा स्पीकर दिसेल, तिथून त्याचा आवाज आपटून तुमच्या कानात येतो. खूण करा. दोन्ही भिंतींवर त्याच जागी काहीतरी जाड लावायचं. स्वस्तातलं म्हणजे घडी घालून टांगलेली घोंगडी. आमच्याकडे आजोबांची होती, ती लावली. पण घोंगडी आवाजाचा वरचा, कर्कश भागच पिते. जास्त करायचं असेल तर दोन इंची रॉकवूलचा स्लॅब लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणा. कापड तोंडाला लावून फुंकर पलीकडे जाते का बघा, गेली तर चालेल. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

जमिनीवर स्पीकर आणि खुर्चीच्या मधे जाड सतरंजी किंवा गालिचा. खिडकीला चुण्यांचा भरघोस पडदा.

अंड्यांचे ट्रे लावू नका. बासला ते काही करत नाहीत, धूळ-झुरळं साठवतात आणि पेट लवकर घेतात. थर्माकोलही तसंच निरुपयोगी. आणि सगळ्या भिंती मढवूही नका. खोली कोंदट होते, बोलताना कानात कापूस घातल्यासारखं वाटतं.

८. रिसीव्हरच्या सेटिंग

आधी टीव्हीकडे बघा. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयनं जोडताना दोन्हीकडे 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलंच सॉकेट वापरा. टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असेल, तर कित्येक टीव्ही पाच स्पीकरचा आवाज दोनाचा करून पाठवतात. 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा. माझ्या मेहुण्यानं चार महिने पाच स्पीकरवर दोनाचाच आवाज ऐकला, आणि मागचे स्पीकर खराब आहेत म्हणून दुकानदाराशी भांडून आला. जुन्या ऑप्टिकल केबलमधून साधं ५.१ जातं, ॲटमॉस जात नाही.

मग रिसीव्हरच्या माइकनं खोलीची आपोआप मोजणी. कंपनीगणिक नाव वेगळं: डेनॉन-मरांट्झला ऑडिसी, यामाहाला वायपाओ. काम एकच. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, पहिली मोजणी बरोबर फुलीवर. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. पंखा बंद, खिडक्या बंद. रात्री अकरानंतर केलेलं बरं. दिवसा रिक्षाचा हॉर्नसुद्धा ते यंत्र खोलीचा आवाज समजतं.

मोजणी झाली म्हणून उठू नका. मेनूत जाऊन चार गोष्टी तपासा:

- स्पीकर 'लार्ज' असे लागले असतील तर सगळे 'स्मॉल' करा. नावावर जाऊ नका. 'स्मॉल' म्हणजे एवढंच, की खालचा बास सबवूफरकडे पाठव.
- क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. अगदी छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२०.
- अंतरं टेपशी जुळतात का बघा. एक फूट अंतराला आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद घेतो, आणि त्यावरून रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो. सबवूफरचं अंतर मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल. ते तसंच ठेवा. त्याच्या आतल्या यंत्रणेला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.
- टेस्ट टोनला खुर्चीतून पाचही स्पीकर सारखे ऐकू यायला हवेत, साधारण ७५ डेसिबल. मोबाइलचं ॲप नेमका आकडा दाखवेलच असं नाही, पण पाच जणांची तुलना करायला पुरतं. सबवूफरला मात्र मोबाइल वापरू नका, त्याच्या माइकला बास नीट कळत नाही. कानानं लावा.

आणि संवाद अजूनही किंचित कमी वाटले, तर सेंटर एक-दोन डेसिबलनं वाढवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

९. ॲटमॉसचे छतातले स्पीकर

घाई नको. वरचं सगळं जमल्यावर दोन स्पीकर छतात, खुर्चीच्या किंचित पुढं. वर तोंड करून छतावर आवाज आपटवणारे स्पीकर घ्यायचे असतील, तर छत सपाट आणि कडक हवं. कौलारू घरात किंवा लाकडी तक्तपोशी असलेल्या माडीत ते पैसे पाण्यात. फॉल्स सीलिंग करणारच असाल, तर आत्ता फक्त पाइप टाकून ठेवा.

१०. वीज, रात्र आणि पाऊस

सबवूफर सतत 'हम्म' करत असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या, मग डिश किंवा केबलची वायर काढून बघा; पुष्कळदा गुरगुर तिथूनच येते. कुणी अर्थची पिन तोडायचा सल्ला देईल. आवाज जाईलही, पण पुढचा शॉक तुम्हाला. एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की रिसीव्हर, डिश आणि इंटरनेटची वायर सगळं प्लगमधून काढायची सवय लावा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. रिसीव्हरच्या डोक्यावर पाच-सहा इंच मोकळे सोडा, वर क्रोशाचा रुमाल नको.

रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. ती मिरवणुकीलाच लागू असते असं नाही. रिसीव्हरमध्ये 'नाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' असं सेटिंग असतं. ते लावलं की संवाद तसेच राहतात आणि स्फोट खाली बसतात. बास स्लॅबमधून जातो, दार लावून तो अडत नाही, हे आबांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने खोली ओलसर असते. पंधरा दिवस यंत्र बंद राहिलं तर कागदी पडद्यावर बुरशी चढते, घोंगडीला वास येतो. आठवड्यातून एकदा तासभर काहीतरी वाजवा आणि पेट्या भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा.

आणि शाहूपुरीत कुंभार गल्लीकडे, दुधाळीत किंवा नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला तळमजल्यावर राहत असाल, तर २०१९ आणि २०२१ चे महापूर तुम्हाला सांगायला नकोत. फरशीवर बसलेली सगळ्यात जड आणि सगळ्यात आधी भिजणारी वस्तू म्हणजे सबवूफर. त्याच्या जागेभोवती फरशीवर टेपची चौकट मारून ठेवा, म्हणजे पाणी उतरल्यावर पुन्हा रांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागली की धोक्याच्या ४३ ची वाट बघू नका. प्लग काढा, दोघं मिळून उचला, माळ्यावर.